निव्वळ स्थलांतर

संध्याकाळी साडेसहाला महापेत
जॉर्जियातले सकाळचे नऊ वाजतात.
मला फोनवर कुणाशी बोलायचं नसतं,
फक्त मोजायचं असतं :
हॅलोवे काउंटीत या आठवड्यात
किती नवी दारं उघडली.

उपग्रहाच्या फोटोत आधी झाडं असतात पीचची,
तेल लावून भांग पाडल्यासारखी.
पुढच्या तिमाहीत तांबडी माती.
त्याच्या पुढच्या तिमाहीत छपरं, एकाच साच्यातली,
आणि रस्त्याचं नाव : पीच ऑर्चर्ड लेन.
मी त्या नावाला पिनकोड देते.
(आमच्या ऑफिसमागच्या टॉवरचं नाव 'मिठागर हाइट्स'.
वॉचमन बलियाचा. त्याला वाटतं, मिठागर हे मालकाचं आडनाव.)

तक्त्यात चार रकाने.
जन्म, मृत्यू, आलेले, गेलेले.
हॅलोवेत पाळण्यांपेक्षा शवपेट्या जास्त,
तरी काउंटी फुगतेच आहे.
उत्तरेकडून म्हातारी माणसं उतरतात, बर्फाला कंटाळून.
त्यांची छपरं घालायला माणसं येतात,
छपरं घालणाऱ्यांना जेवू घालायला आणखी माणसं.
परवा घरमालकांच्या यादीत एक म्हात्रे सापडला,
स्पेलिंगात एच गाळलेला.
टीम लीडरला सांगितलं नाही.
सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पहाटे चारला कंपनीची गाडी गोठिवलीच्या नाक्यावर सोडते.
पुढे गल्ली. इथल्या इमारती
एकमेकींच्या कढईत काय शिजतंय ते वाकून बघतात.
आमची तीन मजल्यांची, अकरा खोल्यांची,
मालक हिराजी मढवी, वय त्यालाही नक्की माहीत नाही.
तो भाडेकरू मोजत नाही, बादल्या मोजतो.
"सीतामढीवाले नऊ बादल्या, सटाण्याची नर्स दोन,
तू दीड."
मी परतूरची, पण त्याच्या हिशेबात दीड.

रविवारी पालिकेच्या शाळेतल्या डोंगरेबाई मोजणीला आल्या,
घामाने ओढणी मानेला चिकटलेली, हातात सरकारी ॲप.
मला विचारलं, इथे येण्याचं कारण?
म्हटलं, काम.
त्यांनी टिचकी मारली. झालं, मी संपले.

मग मढवीकडे वळल्या.
जन्म कुठला?
"हा मोबाईलवाला बसतो ना,
त्याच्या फळीमागं बाळंतिणीची खोली व्हती."
बरं. आणि इथे कुठून आलात?
"मी कुठशी आलू नाय."
आजोबा, काहीतरी लिहावं लागतं.
"लिवा मंग. मी हतंच व्हतू.
गाव उठून गेला, न् शेर येऊन बसला माज्या अंगाव."

बाईंनी यादी वर सरकवली, खाली सरकवली.
काम, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत, इतर.
बोट 'इतर'वर थांबलं, दाबलं नाही.
खालून सीतामढीवाल्यांचं पोर ओरडत आलं, पाणी आलं, पाणी आलं,
आणि मढवी उठून पंपाकडे गेला
उत्तर पुरं झाल्यासारखा.

सोमवारी रात्री हॅलोवेचा एक तुकडा माझ्याकडे आला.
चौसष्ट नवी छपरं,
आणि मधोमध एक पत्र्याचं, तिरकं, बाकीच्यांशी रांग न धरणारं.
बाजूला एक झाड. सावलीवरून जुनं.
त्या घराचा पत्ता बदलला होता :
आधी नुसता टपालमार्गाचा नंबर, आता
एकोणीस, पीच ऑर्चर्ड लेन.
मशीनने विचारलं, नवीन दार?
मी 'नाही' दाबलं.
मशीनने लाल चौकट दाखवली :
या रस्त्यावर जुनं दार असू शकत नाही.
कारण लिहा.

शेजारच्या खुर्चीवर फ्लॉसी चकली मोडत होती.
मी फोटो मोठा केला, आणखी मोठा,
पत्र्याचे चौकोनी ठिपके होईपर्यंत.
अंगणात काहीतरी निळं होतं.
पिंप असावं.
म्हणजे तिथेही कुणीतरी
बादल्या मोजत असणार.